बालआरोग्य, ग्रामीण (गोंदिया जिल्हा)

गोंदिया जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील बालकांसाठी असलेली आरोग्यसेवा व तिच्यातील सुधारणा. भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून १ मे १९९९ रोजी हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,२२,५०७. त्यांतील सुमारे ८३ टक्के लोक खेड्यांत राहतात. सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगल दाट आणि वस्ती विरळ असल्याने तेथे आजाराइतकेच दवाखान्याचे अंतर निर्णायक ठरते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाया पहाटेच बांधीवर (भातखाचरात) जातात आणि तान्ह्या मुलाचे दुखणे संध्याकाळीच ध्यानात येते.

संस्था : उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशी नेहमीची उतरंड. गोंदिया शहरात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून.

नवजात बालसेवा : बालमृत्यूंपैकी मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांचा असतो, म्हणून या विषयात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याच्या येथील आजच्या पद्धतीचे मूळ शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथे आधी न्यूमोनियावर काम केले. निरक्षर दाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन बनवले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असेल तर धोका, हे त्यामुळे झोपडीतच कळू लागले. पुढे ३९ गावांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, ऊब राखणे, स्तनपान सुरू करून देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने औषध देणे, ही त्यांची कामे. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९३–९५ मध्ये आरोग्यदूतांच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात दगावत. १९९७–९८ मध्ये हे प्रमाण २५.५ वर आले. त्याच वर्षी तुलनेच्या गावांत ते ५९.६ होते. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. रुग्णालयाची एकही खाट न वाढवता हे घडले, याचे मोल कितीही सांगितले तरी कमीच.

भारत सरकारने २०११ पासून ही सेवा आशा कार्यकर्तींमार्फत देशभर लागू केली. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी जाते. घरी झाले असल्यास पहिल्या दिवशीही. सर्व भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये मोबदला ठरवण्यात आला. कामाचे वजन पाहता ही रक्कम तुटपुंजी आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाच्या हाती इंजेक्शन मात्र देण्यात आले नाही. गावपातळीवर प्रतिजैविके कोणी द्यावीत, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०१८ मध्ये पुढची गृहभेट योजना आली. तिच्यात ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांच्या भेटी आहेत.

सिकलसेल : पूर्व विदर्भातील महत्त्वाचा आनुवंशिक रक्तविकार. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक. पहिले काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाचे रक्षण करते. त्यानंतर हातापायांवर वेदनायुक्त सूज, फिकटपणा, वारंवार ताप दिसू लागतो. गर्भावस्थेतील या हिमोग्लोबिनमुळेच लहान बाळात सिकलसेल ओळखण्यासाठी सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबता येत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम तपासणी लागते. फॉलिक अ‍ॅसिड व हायड्रॉक्सियुरिया ही औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागत असल्याने ती जवळच्या केंद्रात खंड न पडता मिळायला हवीत. अशा मुलांना न्यूमोकोकस जंतूचा धोका अधिक. त्यावरील लस २०२१ मध्ये देशभरच्या सार्वत्रिक लसीकरणात आली. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून.

शालेय व अंगणवाडी तपासणी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून, वयोगट ० ते १८.

पोषण : देवरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अशा प्रकल्पांच्या आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा प्रश्न आईच्या ताटापासून सुरू होतो, म्हणून योजनेतील मातेचा भाग अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्र; तेथे आईला मुलाजवळ राहावे लागत असल्याने तिची मजुरी बुडते व घरची इतर मुले मागे राहतात.

हिवताप : जंगलपट्ट्यात पावसाळ्यात व त्यानंतर; पाच वर्षांखालील मुलांना विशेष धोका.