नगरच्या छावणीत जन्मलेला विदूषक

१/
ब्रिटिश विनोदाचा इतिहास सांगताना लंडन, ब्लॅकपूल, केंब्रिज ही नावे हमखास येतात. अहमदनगरचे नाव सहसा येत नाही. पण जॉन लेनन ज्यांचा चाहता होता आणि मॉन्टी पायथनच्या मंडळींनी ज्यांचे ऋण मान्य केले, त्या स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी याच शहरात झाला. 🧵

२/
नगरच का? १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने येथील भुईकोट किल्ला जिंकला आणि पुढे शहराशेजारी ब्रिटिशांची लष्करी छावणी वसली. १९१८ हे पहिल्या महायुद्धाचे अखेरचे वर्ष. त्या काळात जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करण्याचे ठिकाण म्हणूनही नगर ओळखले जाई. लिओ मिलिगन हा आयरिश सैनिक तोफखान्यात नोकरीला होता. त्याचा हा मुलगा, टेरेन्स. ‘स्पाइक’ हे नाव त्याला बऱ्याच नंतर मिळाले.

३/
छावणीतील अशा कुटुंबांचे स्थान विचित्र असे. बाजारातल्या माणसांना ते साहेब वाटत. खऱ्या साहेबांच्या क्लबात मात्र त्यांना जागा नसे. त्यातून मिलिगन आयरिश आणि कॅथलिक. वडिलांना रंगभूमीचे वेड, आई गाणारी. सैनिकांसाठी होणारे करमणुकीचे कार्यक्रम हीच या मुलाची पहिली शाळा.

४/
दुसरी शाळा पुण्यातील कॉन्व्हेंट. तेथील नाताळच्या नाटुकल्यात त्याला विदूषकाचे काम मिळाले. येशूजन्माच्या शेवटच्या प्रवेशात विदूषकाने येऊ नये, असे बजावण्यात आले होते. तरीही तो रंगमंचावर शिरला. गव्हाणीपाशी विदूषकालाही जागा हवी, असे त्याला वाटले, ही आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे.

५/
पुण्यानंतर रंगून. १९३० च्या दशकाच्या आरंभी सैन्यकपातीत वडिलांची नोकरी गेली आणि कुटुंब इंग्लंडला परतले. ‘परतले’ हा शब्द केवळ कागदावर खरा, कारण मुलाने तो देश कधी पाहिलाच नव्हता. ऊन, नोकरचाकर, मोकळी मैदाने मागे पडली. वाट्याला आले आग्नेय लंडनमधले धुके आणि ओढगस्तीचा संसार.

६/
दुसऱ्या महायुद्धात मिलिगनही वडिलांप्रमाणे तोफखान्यात गेले. उत्तर आफ्रिकेत त्यांच्या तुकडीची एक अवजड तोफ कड्यावरून घसरून खाली हॅरी सीकम या वेल्श सैनिकाजवळ कोसळली. ‘कुणी तोफ पाहिली का?’ मिलिगन विचारत आले. ‘कुठल्या रंगाची?’ असे उत्तर मिळाले. पुढच्या जोडीची सुरुवात ही अशी सांगितली जाते. १९४४ मध्ये इटलीत मोंते कसिनोच्या लढाईत मिलिगन जखमी झाले. शरीराची जखम भरली, मनाची नाही.

७/
२८ मे १९५१ रोजी बीबीसी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो ‘द गून शो’ म्हणून गाजला. सोबत सीकम, पीटर सेलर्स आणि आरंभी मायकेल बेंटीन. ‘गून’ हा शब्द पॉपाय या अमेरिकन चित्रकथेतून उचललेला. जानेवारी १९६० पर्यंत दोनशेहून अधिक भाग झाले. बहुतेकांचे लेखन मिलिगन यांचेच.

८/
यात नवे काय होते? रेडिओवर दिसत काहीच नाही, म्हणजेच काहीही घडू शकते, हे मिलिगन यांनी ओळखले. आवाज हेच नेपथ्य आणि आवाज हाच विनोद. तर्काला शेवटच्या टोकापर्यंत ताणायचे आणि तो तुटला की त्याच तुकड्यांवर पुढची गोष्ट रचायची, ही त्यांची रीत.

९/
या कार्यक्रमात मेजर ब्लडनॉक नावाचे पात्र आहे. हिंदुस्थानातील लष्करी सेवेच्या फुशारक्या मारणारा हा मेजर भित्रा आणि लोभी. त्याच्या पोटात उठणारे भयंकर गडगडाट ऐकून श्रोते लोळत. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. इंग्रज घराघरांत साम्राज्याची बढाई हास्यास्पद ठरवली जात होती आणि ती ठरवणारा छावणीतच वाढलेला होता.

१०/
याची किंमत मोठी होती. दर आठवड्याला नवी संहिता लिहिण्याच्या ताणाने १९५२ च्या अखेरीस मिलिगन यांना मनोविकारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. हा आजार आयुष्यभर राहिला. पुढे ते त्याविषयी उघडपणे बोलले आणि त्या काळात असे बोलणारे प्रसिद्ध लोक फार थोडे होते.

११/
मग नियतीनेच विनोद केला. १९६० च्या दशकाच्या आरंभी नागरिकत्वाचे नियम बदलले. जन्म भारतात, वडील आयरिश; त्यामुळे ब्रिटनसाठी युद्धात लढलेल्या या माणसाला पासपोर्टसाठी राजनिष्ठेची शपथ घेण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि आयरिश नागरिकत्व स्वीकारले.

१२/
या विनोदाला काळी बाजूही आहे. गून शोमध्ये लालकाका आणि बॅनर्जी ही भारतीय पात्रे सेलर्स व मिलिगन उच्चारांची टर उडवत रंगवत. १९६९ मध्ये ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत मिलिगन चेहरा सावळा रंगवून पाकिस्तानी-आयरिश कामगार झाले. वांशिक शिव्यांनी भरलेली ती मालिका सहा भागांतच थांबली.

१३/
म्हणून आज हे जुने कार्यक्रम नव्याने ऐकताना दोन्ही कान उघडे हवेत. मेजरची फजिती ऐकताना साम्राज्य पोकळ वाटते. लालकाकाची बोली ऐकताना तेच साम्राज्य विनोदकाराच्या जिभेवर शिल्लक असल्याचे कळते. छावणीने त्यांना दोन्ही गोष्टी दिल्या: बड्यांवर हसण्याची दृष्टी आणि ‘नेटिवां’वर हसण्याची सवय. यांपैकी एकच निवडली, तर इतिहास अर्धा राहतो.

१४/
२७ फेब्रुवारी २००२ रोजी मिलिगन यांचे निधन झाले. ‘मी आजारी आहे, असे तुम्हाला सांगितले होते’ हे वाक्य थडग्यावर कोरायचे ठरले. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत रुचेना. अखेर आयरिश भाषेत लिहिल्यावर मान्यता मिळाली. पुण्याच्या नाटुकल्यात मनाई मोडून गव्हाणीपाशी गेलेला विदूषक विंचेलसीच्या चर्चच्या आवारातही आपला विनोद घेऊनच शिरला.