झरीचा २३ मे

आपल्या स्वातंत्र्याची तारीख सगळ्यांना पाठ आहे. तलासरी-डहाणूपुरती मी तिच्या आधी आणखी एक तारीख ठेवतो: २३ मे १९४५.

त्या दिवशी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे ५,००० वारली जमले. किसान सभेची परिषद होती. ठराव अगदी साधे. वेठ करायची नाही. शेठच्या शेतावर राबायचं तर रोजचे १२ आणे रोख घ्यायचे. कोणी अंगावर आलं तर एकजुटीने उभं राहायचं.

यात 'चले जाव' कुठेच नाही, कारण वारल्याच्या रोजच्या जगण्यात राज्य होतं ते शेठचं, सावकाराचं आणि जंगलाच्या ठेकेदाराचं. जमिनी कर्जापायी हातच्या गेलेल्या. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी आणायची, आणि ती फेडता फेडता पुढचा पावसाळा यायचा. सर्वांत वाईट अवस्था 'लग्नगड्या'ची. लग्नासाठी शेठकडून पैसे घेतले की नवरा त्याचा गडी, आणि लग्न होऊन आलेली बायकोही त्याच्याच कामाला. हिशेब शेठच्या वहीत, वाचता येणारा तो एकटाच. कर्ज फिटणार कसं? सरकारला हे माहीत नव्हतं असंही नाही. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या या हालांवर दिलेला अहवाल १९३९ साली छापून झाला होता. तो कागदावर राहिला.

जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं, तिथे काही वारली गेले. त्यांत माह्या धांगडा होते. मग गोदावरी आणि शामराव परुळेकर या भागात आले. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर, पुण्यातल्या सुखवस्तू घरातल्या. वारली त्यांना गोदाराणी म्हणू लागले. पण बाहेरून बाई आली आणि तिने लोकांना जागं केलं, एवढीच गोष्ट सांगणं मला पटत नाही. टिटवाळ्याची वाट वारल्यांनी आधी धरली होती.

झरीनंतर पाड्यापाड्यांत वेठ थांबली, लग्नगडी सुटले. पावसाळा संपल्यावर गवतकापणीचा प्रश्न आला. इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, म्हणजे कापणी अडली की शेठचा धंदा अडला. मागणी होती ५०० पौंड गवतामागे अडीच रुपयांची. याच सुमारास, गोदाराणीच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवून वारल्यांना तलवाड्याला बोलावण्यात आलं. पोलिसांना मात्र कळवलं गेलं की दंगलीसाठी जमाव जमलाय. १० ऑक्टोबर १९४५ला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. लोक तरीही कामावर परतले नाहीत, आणि मजुरी वाढली.

१९४६मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. जंगल कामगारांनी रोज सव्वा रुपया मागत संप केला, तेव्हा परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. ७ जानेवारी १९४७ला पालघर तालुक्यातल्या नानिवलीत पुन्हा गोळीबार, पुन्हा पाच माणसं. या खेपेला सरकार आपलं होतं.

नेमक्या याच काळात फिलिपिन्समध्ये काय चाललं होतं पाहा. ४ जुलै १९४६ला अमेरिकेने त्या देशाला स्वातंत्र्य दिलं. मध्य लुझोनमधले कूळ शेतकरी 'हुकबालाहाप' नावाने जपान्यांशी लढले होते. त्यांचा नेता लुईस तारुक निवडून आला, तरी त्याला संसदेत बसू दिलं नाही. झेंडा बदलला, जमीनदार तेच राहिले, आणि हुक पुन्हा बंदुका घेऊन रानात गेले. वारल्यांनी संप आणि एकजूट हीच हत्यारं धरली.

गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. ते १९७०मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तोवर १९६०च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातला गेलं होतं, तलासरी महाराष्ट्रात राहिली होती. १० ऑक्टोबरला तलासरीत आजही हुतात्म्यांसाठी लाल बावटे घेऊन माणसं जमतात. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या मोर्चातही या भागातले आदिवासी होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन आपल्या नावावर व्हावी, ही त्यांची मागणी होती.