दोन मिनिटांचं विमान

परवा टेस्टिंग करताना एक गंमत झाली. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश दिले की अंतर आणि उड्डाणाचा वेळ काढायचा, एवढंच आमच्या प्रोग्रामचं काम. एका जोडीला उत्तर आलं: अंतर २.७ किमी, वेळ १२ सेकंद! म्हटलं, डेटा गंडलाय. बघतो तर अंतर बरोबर होतं. ताशी ८०० किमी वेग धरला होता, तो चुकला होता.

ही जोडी म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांमधली वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे. जगातलं सगळ्यात छोटं नियमित विमानउड्डाण. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किमी आहे, म्हणजे हा अख्खा प्रवास तिच्यात मावतो! वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात. वारा पाठीशी असताना ५३ सेकंदांत पोचल्याचा विक्रम आहे.

आता कुणीही विचारेल, एवढ्याशा अंतराला विमान कशाला? इतिहास इथेच सुरू होतो.

१९३३ साली कॅप्टन फ्रेसन नावाच्या वैमानिकाने इनव्हरनेस ते ऑर्कनीतलं कर्कवॉल अशी विमानसेवा सुरू केली. १९३४ मध्ये याच मार्गावर ब्रिटनमधली पहिली नियमित देशांतर्गत हवाई टपालसेवा सुरू झाली. पठ्ठ्याने शेतकऱ्यांच्या शेतांत विमानं उतरवून छोटी बेटंही जोडली. मग महायुद्ध आलं आणि बेटांची ती सेवा थांबली. युद्धानंतर १९४७ मध्ये विमानकंपन्यांचं सरकारीकरण झालं, पण छोट्या बेटांकडे कुणी वळून पाहिलं नाही. ती बेटं पुन्हा जोडली गेली थेट १९६७ मध्ये, लोगनएअरमुळे. ही कंपनी १९६२ साली विली लोगन या बांधकाम व्यावसायिकाने काढली होती, टे नदीवरच्या पुलाच्या कामासाठी ये-जा करायला.

कामाला आलं ते ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. १९६५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, दोन पंख्यांचं छोटं विमान. छोट्याशा धावपट्टीवरून उठतं आणि तेवढ्याच जागेत उतरतं. वेग ताशी सुमारे २४० किमी. २.७ भागिले २४० केलं तर चाळीसेक सेकंद येतात. म्हणजे ५३ सेकंदांचा विक्रम हिशोबात बसतो. चला, बग सुटला!

पण खरा मुद्दा सेकंदांचा नाहीच. पापा वेस्ट्रेची वस्ती जेमतेम नव्वद माणसांची. समुद्र खवळला की होडी बंद. मग डॉक्टर यायचे कसे, शिक्षक यायचे कसे, आजारी माणूस कर्कवॉलच्या दवाखान्यात पोचायचा कसा? नुसत्या तिकिटांवर ही सेवा चालूच शकत नाही. म्हणून स्थानिक कौन्सिल पदरचे पैसे घालतं. आपल्याकडे एसटी तोट्यातही आडगावात जाते ना, तसंच.

आपण २०१७ मध्ये 'उडान'ची विमानं सुरू केली. त्यातले कितीतरी मार्ग नंतर बंद पडले. विमानतळ बांधणं एकदाचं असतं, पण विमान रोज उडत ठेवावं लागतं. फ्रेसननंतर कित्येक वर्षं त्या बेटांवरच्या माणसांनी तेच भोगलं.

असो. त्या प्रोग्राममध्ये मी आता विमानाच्या प्रकाराप्रमाणे वेग घातलाय. पण नव्वद माणसांसाठी विमान का उडवायचं, याचा फॉर्म्युला काही सापडला नाही. तो बहुतेक गणितात नसावाच.