जागतिक जिम्नेस्ट्राडा
जिम्नॅस्टिक्सचा आंतरराष्ट्रीय, स्पर्धाविरहित महोत्सव. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघातर्फे तो साधारणतः दर चार वर्षांनी भरतो. स्वीडिश व्यायामपद्धतीचे प्रवर्तक पेर हेन्रिक लिंग यांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त १९३९ मध्ये स्टॉकहोम येथे ‘लिंगियाड’ मेळावा झाला. १९४९ मध्ये दुसरा. त्यांपासून स्फूर्ती घेऊन नेदरलँड्सचे योहानेस सोमर यांनी ही कल्पना मांडली आणि १९५३ मध्ये रॉटरडॅम येथे पहिला जिम्नेस्ट्राडा पार पडला.

येथे गुण, क्रमांक वा पदके नसतात, आणि हेच त्याचे खरे मोल. ऑलिंपिकमधील कलात्मक जिम्नॅस्टिक्स बहुधा तरुण शरीराचीच कसोटी पाहते. येथे मात्र शाळकरी मुले, सत्तरी ओलांडलेले स्त्री-पुरुष आणि अपंग व्यक्तीही सादरीकरण करतात. चेंडू, दोरी, रिबन यांसह तालबद्ध रचना, मानवी मनोरे, ट्रॅम्पोलीन, नृत्य असे नाना प्रकार त्यात सामावतात. मैदानावर शेकडो जणांनी एकाच लयीत केलेली सामूहिक कवायत हे त्याचे सर्वांत प्रेक्षणीय अंग होय. सहभागी पथके क्लबांमधून येतात आणि बहुतेक हौशी सदस्यांची असतात. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातील डॉर्नबिर्न आणि २०२३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे हा महोत्सव झाला.