आधी कबर, मग चॅपल

लोणावळ्यातल्या जुन्या चॅपलची गोष्ट वडगावपासून सांगावी लागते. मावळात ख्रिस्ती प्रार्थनेची घरे उभी राहिली ती रेल्वेबरोबर. कबर मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती लढाईतली आहे.

रघुनाथरावाला पेशवाईच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून कॅप्टन जेम्स स्टुअर्ट पडला. फौज कशीबशी तळेगावापर्यंत पोहोचली, तिथे रात्रीतून अवजड तोफा तळ्यात ढकलून माघारी वळली आणि वडगावात कोंडली गेली. जानेवारीच्या मध्यावर तिथेच तह झाला. शत्रूचा असूनही स्टुअर्टचे शौर्य मराठ्यांना भावले. त्याला त्यांनी ‘इष्टुर फाकडा’ केले. वडगावातल्या त्याच्या कबरीला लोक पुढे नवस बोलू लागले. परक्या धर्माच्या, चाल करून आलेल्या शिपायाला नारळ वाहणारी ही माणसे मला फार मोठी वाटतात.

पुढची ऐंशी वर्षे लोणावळा लहानसे गावच राहिले. १८५६ मध्ये बोरघाटात लोहमार्गाचे काम सुरू झाले. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण मधला घाट प्रवाशांना पालखीतून किंवा तट्टावरून ओलांडावा लागे. मजुरीवरून दंगे झाले, पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. १८५९ मध्ये आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट सोडले नाही, अभियंते नेमून काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकी आणि हिवतापाने त्यांतली हजारो दगावली. पंचवीस बोगदे खोदून झाल्यावर २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांनी मार्ग खुला केला.

मग लोणावळ्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा इंजिनांचा कारखाना आला आणि त्याच्यामागून गोऱ्या, अँग्लो-इंडियन नोकरदारांची वसाहत. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये इथल्या रेल्वे शाळेबरोबर एक प्रोटेस्टंट आणि एक रोमन कॅथलिक चॅपल नोंदलेले आहे. जिथे पगार, बाळंतपण, लग्न आणि मरण एकाच वसाहतीत घडते, तिथे प्रार्थनाघर आणि दफनभूमी लागतेच.

त्या काळी मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नोंदींची प्रत लंडनला जात असे. त्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इथे दगडावरची अक्षरे पुसली तरी सातासमुद्रापार नाव उरते. घाट खोदताना मेलेल्या मजुरांचे काय? त्यांच्या नावांचा दगड घाटात माझ्या तरी नजरेस पडलेला नाही. म्हणून चॅपलचा इतिहास फक्त विटा-चुन्याचा आणि गोऱ्या कुटुंबांचा म्हणून लिहिणे मला अपुरे वाटते. ज्या रेल्वेने ते चॅपल आणले, तिचा पाया या बिननावाच्या माणसांनी घातला.

मावळात कार्ल्या-भाज्याची लेणी आणि लोहगड-विसापूर पाहायला गर्दी होते, ती व्हावीच. पण जुनी दफनभूमी दिसली तर तिथल्या लेखांची स्वच्छ छायाचित्रे घ्या, कुणी जाणते भेटले तर नावे विचारून लिहून ठेवा. आणि तुमच्या घरात घाटाच्या कामावर गेलेल्या खापरपणजोबांची आठवण कुणी सांगत असेल, तर तीही आजच वहीत उतरवा.