विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञान सभा, मुंबई
मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व तरुण अध्यापकांनी प्रा. पॅटन यांच्या प्रेरणेने १८४८ मध्ये स्थापन केलेली संस्था. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेस (१८५७) तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता. सभेत निबंध वाचून चर्चा होई. मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखांमुळे इंग्रजीतून शिकलेले देशी भाषांत मांडण्याचा सराव झाला. १८४९ मध्ये सभासदांनी मुलींच्या शाळा काढून आरंभी स्वतःच विनावेतन शिकविले. त्यांसाठी दादाभाई नवरोजी व त्यांचे सहकारी घरोघर हिंडले. काहींनी जागा दिली, काहींनी दारातूनच घालविले. विरोधी मनाच्या माणसाशी कसे बोलावे, हे कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हते. दादाभाईंचे पुढील सार्वजनिक कार्य पाहता ही उमेदवारी वर्गातील गणिताइतकीच मोलाची ठरली, असे म्हणता येईल. मुलींसाठी झटणारी ही मंडळी मात्र सर्व पुरुषच होती.