एका चॅम्पियन टीमची दहा दिवसांची गोष्ट

परवा शनिवारी रात्री टर्फवरून घरी आलो, पाय धुतले आणि लॅपटॉप उघडून बसलो. तसं हे बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण आठवडाभर रिलीजच्या गडबडीत जमत नाही. शनिवार-रविवार आपला.

तळेगाव परिसरात आता तासावर टर्फ मिळतं. दहा जण जमवायचे, प्रत्येकी शंभर-दीडशे काढायचे आणि चारी बाजूंच्या जाळीत घामटं निघेपर्यंत खेळायचं. आमचा गोलकीपर चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये आहे. त्याची सेकंड शिफ्ट असली की आमची वाट लागते :) तर परवा पाणी पिता पिता तो एकदम म्हणाला, "अरे, ते मुंबई फाइव्ज आठवतं का? त्या टीमचं पुढे काय झालं रे?"

म्हटलं, नीट बघून सांगतो. ते काय झालं, ते आता तुम्हालाही सांगतो.

आधी खेळाबद्दल थोडं. फुटसाल म्हणजे हॉलमधला फुटबॉल. १९३० साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरात वायएमसीएमध्ये शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी या माणसाने तो बसवला. पावसापाण्यात पोरांनी आत खेळावं म्हणून त्याने चक्क जुगाड केलं: बास्केटबॉलमधून पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटं घेतली, हँडबॉलमधून गोलचं माप घेतलं. आज मोठ्या सामन्यांचं कोर्ट साधारण ४० बाय २० मीटरचं असतं. चेंडू लहान आणि कमी उसळणारा, खेळाडू कितीही वेळा बदला. एका हाफमध्ये टीमचे पाच फाउल झाले की सहाव्याला समोरच्यांना १० मीटरवरून थेट गोलवर किक, मध्ये भिंत उभी करता येत नाही. गोल फक्त ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. हे शेवटचं माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्राझीलमध्ये पोरं आधी हेच खेळतात. फिफाने १९८९ मध्ये नेदरलँड्सला फुटसालचा पहिला वर्ल्ड कप भरवला, तोही ब्राझीलनेच जिंकला.

आपल्याकडे २०१६ च्या जुलैमध्ये प्रीमियर फुटसाल नावाची लीग आली. सहा टीम होत्या: मुंबई, गोवा, चेन्नई, कोची, कोलकाता आणि बंगळुरू. प्रत्येकीच्या नावापुढे 'फाइव्ज'. लीगचा अध्यक्ष लुईस फिगो, ब्रँड अँबॅसिडर विराट कोहली! बंगळुरूकडे पॉल स्कोल्स, कोलकात्याकडे क्रेस्पो, गोव्याकडे रोनाल्डिन्यो, चेन्नईकडे फुटसालचा देव मानला जाणारा फाल्काव. आणि आपल्या मुंबईकडे रायन गिग्ज, ज्याने २९ वर्षांनंतर त्याच महिन्यात मँचेस्टर युनायटेड सोडलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. रोनाल्डिन्योने बंगळुरूविरुद्ध एकट्याने पाच गोल मारले तेव्हा मेसवाले काकाही ताट घेऊन बाहेर आले होते.

स्पर्धा १५ जुलैला चेन्नईत सुरू झाली आणि २४ जुलैला गोव्यात संपली. मोजून दहा दिवस. फायनलमध्ये मुंबई फाइव्जने कोची फाइव्जला पेनल्टीवर हरवलं. मुंबई चॅम्पियन!

आता गंमत बघा. सामने झाले चेन्नईत आणि गोव्यात. म्हणजे मुंबईची टीम मुंबईत एकही मॅच न खेळता चॅम्पियन झाली. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, लीग परत आली तेव्हा सामने मुंबईतही ठेवले, पण तोवर 'मुंबई फाइव्ज' हे नावच गेलं होतं. आता टीम होती मुंबई वॉरियर्स. गोवा आणि कोलकाता यादीतून गायब, दिल्ली आणि तेलुगू नावाच्या नव्या टीम हजर. तिसरा सीझन झालाच नाही.

दुसरी अडचण जास्त खोल होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या लीगला मान्यता दिली नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर डेमो झकास झाला, टाळ्या पडल्या, पण प्रॉडक्शनला जायची परवानगीच नव्हती. मान्यता नाही म्हणजे खाली जिल्हा नाही, राज्य नाही, वर राष्ट्रीय संघ नाही. गिग्जला त्याने काय फरक पडतो? फरक पडतो तो त्याच्या शेजारी उभं राहून खेळणाऱ्या भारतीय पोराला. दहा दिवसांनी तो घरी जातो आणि अकराव्या दिवशी त्याला खेळायला काही नसतं.

महासंघाची स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा दिल्लीत सुरू झाली ती २०२१ मध्ये. भारताचा पुरुष संघ पहिला आंतरराष्ट्रीय फुटसाल सामना खेळला २०२३ मध्ये. सात वर्षं! खेळाडूच्या आयुष्यात सात वर्षं म्हणजे जवळजवळ सगळंच.

बरं, हे फक्त हॉलमधल्या फुटबॉलचं आहे असंही नाही. आपल्या पुणे एफसीचं बघा. २००७ मध्ये सुरू झाला, खालच्या डिव्हिजनमधून वर आला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि २०१५ मध्ये बंद. त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, आणि २०१९ मध्ये तेही दुकान बंद. मालकाचं मन किंवा बजेट बदललं की टीम संपते.

याच्या उलट अमेरिकेतलं मिलवॉकी वेव्ह. इनडोअर सॉकरची ही टीम १९८४ ला सुरू झाली. तिच्या पायाखालच्या लीग एकामागून एक बुडाल्या, टीम मात्र दुसऱ्या लीगमध्ये जाऊन खेळत राहिली आणि २०२४ मध्ये चाळीस वर्षांची झाली. कारण काय? मला तरी एकच दिसतं. तिला गाव होतं. त्याच गावात, हिवाळ्यामागून हिवाळे, तिकीट काढून येणारी माणसं होती.

यावरून मला आपल्या तळेगावचीच एक गोष्ट आठवली. १९०८ मध्ये इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून! लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. तो फक्त कारखाना नव्हता, काचकामाची शाळाही होती. कोणा एका शेठजीच्या मर्जीवर ते काम उभं राहिलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, काच कुठे आणि फुटबॉल कुठे. पण टर्फवर दर शनिवारी आम्ही शंभर-शंभर काढतो तेव्हा मला वाटतं, टीमची खरी सुरुवात गिग्जपेक्षा इथून व्हायला हवी.

आता ते गोलचं माप. मोठ्या मैदानातला गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. आमचा हा गोलकीपर उंचीने कमी. कॉलेजात असताना त्याला एका निवड चाचणीत तोंडावर सांगितलं होतं, "तू बारपर्यंत पोचत नाहीस, घरी जा." त्यानंतर त्याने टीव्हीवर तो ३ बाय २ चा गोल पाहिला. त्या दहा दिवसांत तो आमच्या खोलीत सारखा म्हणायचा, "एवढा गोल मी झाकतो रे."

परवा त्याला फोन करून हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे टीम वाईट नव्हती ना?"

म्हटलं, "नाही रे. चॅम्पियन होती."

"मग ठीक आहे," म्हणाला. "पुढच्या शनिवारी फर्स्ट शिफ्ट आहे. येतो."

असो. आजच्यापुरतं इतकंच.